बांधाविषयी बोलू नये

आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस दहाव्याला मनमिळाऊ होतो. हयातीत त्याने शेजाऱ्याशी धड दोन शब्द बोललेले नसोत. नदीकाठी मांडव पडला, प्रवचन संपलं आणि माइक श्रद्धांजली वाहणाऱ्यांच्या हाती गेला, की पहिल्याच वक्त्याच्या तोंडून तो शब्द येतो. डॉ. सखाराम भोर याच्या दहाव्याला तर एकाही वक्त्याने तो चुकवला नाही. भोर तिथे असता तर त्याने आधी मांडवात भर सकाळी जळत असलेला दिवा बंद केला असता आणि मग शेजारच्याला विचारलं असतं, "कोण गेलं रे?"

शेवटी शेवटी अण्णा उठले. अण्णा म्हणजे पेठजवळच्या एका गावचे माजी सरपंच, दूधसंस्थेचे माजी अध्यक्ष आणि अजूनही कुठल्याही मांडवात न बोलावता माइक मिळणारे गृहस्थ.

"माणूस म्हनल्यावर चूक व्हायचीच," अण्णा म्हणाले. "माझ्या हार्टमधला ब्लॉक डॉक्टरांच्या नजरेतून सुटला. दुसरा असता तर कोर्टात गेला असता. पण मी मनात ठेवलं न्हाई. माणूस देव व्हता."

लोकांनी अण्णांच्या मोठेपणाला माना डोलावल्या. भोरच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, मान खाली घातली. मग माइक माझ्याकडे आला.

अण्णांच्या हृदयात ब्लॉक कधी नव्हताच. हे त्या मांडवात दोघांनाच पुरतं ठाऊक होतं आणि त्यांतला एक हार घातलेल्या फोटोत होता. मी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, "भोर मनमिळाऊ होता."

आता माझंही वय झालं आहे. माझ्या दहाव्याला मला जे काय म्हणायचं ते लोक म्हणोत, पण भोरच्या नावावर अण्णांचा ब्लॉक तसाच ठेवून जाणं बरं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

भोर मनमिळाऊ नव्हता. तो कंजूष होता, आणि त्याचा कंजूषपणा दोन्ही तालुक्यांत प्रसिद्ध होता. चहा अर्धा कप घ्यायचा, तोही दुसऱ्याने सांगितलेला. पेपर न्हाव्याच्या दुकानात बसून वाचायचा, पण दाढी घरी करायचा. स्वतःची स्कूटर होती, तरी घोडेगावला यायचं झालं की रस्त्यावर उभा राहून ओळखीच्या मोटरसायकलला हात करायचा आणि मागे बसून चालवणाऱ्याला, तू पेट्रोल जास्त जाळतोस, म्हणून सुनावायचा. कुठल्याही खोलीतून बाहेर पडताना त्याचा हात न बघता बटणावर जायचा. माझ्या मुलीच्या लग्नात जेवून उठताना त्याने पंगतीवरचा पंखा बंद केला. पंगत अजून जेवत होती.

नव्वदच्या दशकात जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचा एक्स-रेचा दवाखाना होता. या दवाखान्याची ख्याती अशी, की तिथे एक्स-रे काढून मिळणं कठीण. एकदा मी तिथे बसलो असताना मोटरसायकलवरून पडलेला एक गडी आला.

"फोटू काढा डॉक्टर."

भोरने त्याचा पाय वरून खाली दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली, चार पावलं चालवलं. "नाही काढायचा. मुका मार आहे."

"न्हाई काढायचा म्हंजे? नारायणगावावरनं आलोय मी!"

"चालत आत आलास ना? मोडलं असतं तर आला नसतास, आणला असता. जा, हळद लाव."

"अवो, पैसे देतोय की!"

"पैसे तू देशील. किरण कुणी घ्यायचे?"

गडी शिव्या घालत गेला. आतल्या दारातून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मित्राने फोटोचं दुकान काढलंय आणि गिऱ्हाइकाला सांगतात, तू असाच बरा दिसतोस."

काढलाच फोटो, तर तोही हात आखडून. बोट दुखत असेल तर किरणांची चौकट बोटाएवढीच. "खिडकी उघडायची ती हात बाहेर जाईल एवढी. भिंत कशाला पाडायची?" असं तो म्हणायचा. लोक समजायचे, फिल्म वाचवतो आहे. मीही तेच समजत होतो. आम्ही पुण्याला एका कॉलेजात, एका वसतिगृहात होतो. तिथे तो दुसऱ्याच्या साबणाने आंघोळ करायचा, त्यामुळे माझा समज पक्का होता. एकदाच मी त्याला चिडवलं, तेव्हा तो म्हणाला, "साबण परत आणून देता येतो. माणसाच्या अंगात गेलेला किरण परत मागता येत नाही." साबण त्याने कधी परत आणून दिला नव्हता, हे मी त्याला लगेच सुनावलं, आणि त्याच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडून तसाच राहून गेला.

पुढे दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाल्यावर आम्ही काही डॉक्टरांनी मिळून हायवेला, पेठच्या अलीकडे, सीटी स्कॅनचं सेंटर काढलं. साधं नव्हे, चालत्या हृदयाच्या रक्तवाहिन्या दाखवणारं. अशी यंत्रं तेव्हा पुण्यातही मोजकीच होती. माझी प्रॅक्टिस घोडेगावला; रक्तदाब, साखर आणि ओळखी. ओळखींमुळे मला सेक्रेटरी केलं. फोटो वाचणारा डॉक्टर म्हणून मी भोरला आणलं. त्याने जुन्नरचा दवाखाना बंद केला, कारण, त्याच्याच शब्दांत, तिथलं वीजबिल सेंटर भरणार होतं. त्या दिवसापासून तो मला नावाने हाक मारेनासा झाला. "काय सेक्रेटरी?" म्हणायचा, आणि त्या हाकेत मान कमी आणि गंमत जास्त असायची.

आम्हाला वाटलं होतं, एवढं मोठं यंत्र पाहून तरी याचा हात सुटेल. पहिल्याच आठवड्यात त्याने आम्हा भागीदारांना बसवून शिकवणी घेतली.

"जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोराचा फोटो काढायचाय. पाळणा जोरात फिरत असला तर तुम्ही बटण दाबूनच धरता, ढीगभर फोटो काढता आणि त्यातला एक बरा निवडता. पाळणा सावकाश असला तर पोरगं वर येऊन थांबतं तेव्हा एकदाच दाबता. हृदयाचं तेच. दोन ठोक्यांच्या मध्ये ते क्षणभर विसावतं. नाडी साठीच्या आसपास आणली तर मी फक्त त्या क्षणापुरते किरण सोडीन. नाडी पळत असेल तर सगळा वेळ सोडत बसावे लागतील. तिथं रीळ वाया जातं, इथं किरण माणसात जातात."

त्याचे आणखी दोन नियम होते. फोटो हृदयापुरता, यंत्र गळ्यापासून पोटापर्यंत घेऊ शकतं म्हणून घ्यायचा नाही. आणि किरणांचा जोर माणसाच्या अंगलटीप्रमाणे. डोंगराकडची, भात-नाचणी करणारी सडपातळ माणसं यायची. त्यांच्यासाठी तो जोर एकदम खाली आणायचा. मग फोटोवर बारीक दाणे दिसायचे, खसखस भुरभुरल्यासारखे. मी तक्रार केली की म्हणायचा, "लग्नाचा फोटो नाही हा. एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर दिसलं की झालं. मला दिसतं. तुला दिसत नसेल तर चष्मा बदल."

पण एकदा मंचरचे एक चांगले भरदार व्यापारी आले, तेव्हा त्याने जोर असा काही वाढवला, की ऑपरेटर विलास माझ्याकडे बघायला लागला. भोर आणि सढळ हात? भोर म्हणाला, "इथं हात आखडला तर काहीच दिसणार नाही, आणि घेतलेले सगळेच वाया जातील. अर्धवट फोटोइतकी उधळपट्टी नाही." तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की या माणसाच्या कंजूषपणाला काहीतरी हिशेब आहे. शंका मी मनातच ठेवली. सेक्रेटरीला एवढं करता येतं.

हृदयाच्या फोटोच्या वेळी पेशंटला श्वास रोखून धरावा लागतो. यंत्र ते स्वतःच सांगायचं, इंग्रजीत, बाईच्या आवाजात. आमचे लोक तो आवाज ऐकून यंत्रात कोण बसलंय ते बघायला मान वळवायचे. भोरने स्वतःच्या आवाजात सूचना भरल्या: "दम घ्या. धरा. सोडा." आवाज त्याचा भरदार होता आणि त्याला त्याचा गर्व होता, रेडिओवाल्यांनी आपल्याला ओळखलं नाही, असं तो म्हणायचा. पण त्यामुळे वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे कुणी मोठ्याने काही सांगितलं तर उत्तर न देणं उद्धटपणाचं. आहुप्याकडची एक म्हातारी आत झोपली होती. तिचा मुलगा घोडेगावला शिक्षक. त्याने आग्रहाने आणलेली. यंत्र म्हणालं, "दम घ्या." म्हातारी म्हणाली, "घेतला बाबा." यंत्र म्हणालं, "धरा." म्हातारी म्हणाली, "धरलाय, धरलाय!"

बोलली की छाती हलली, छाती हलली की फोटो बिघडला. सुदैवाने भोर किरण सोडण्याआधी नुसता आवाज लावून रंगीत तालीम घ्यायचा, म्हणून निभावलं. तो बाहेर आला.

"आजी, उत्तर द्यायचं नाही."

"का रं? कोन सांगतंय त्याला व्हय म्हनायला नको?"

"नको. ते मशीन आहे."

"मशीन कसं? तुजाच तर आवाज हाय."

भोर तिच्याजवळ स्टुलावर बसला आणि तिला गप्प राहायला शिकवत राहिला. एरवी नातेवाइकाने दुसरा प्रश्न विचारला तर अंगावर जाणारा हा माणूस त्या म्हातारीबरोबर स्वतःही दम धरून बसत होता. मग त्याने नवी सूचना भरली: "दम घ्या. धरा. बोलायचं नाही. सोडा." तीच पुढे वर्षानुवर्षं त्या यंत्रात राहिली.

श्वासाचं एक वेळ जमलं, नाडीचं जमेना. नाडी मंद करायची गोळी देऊन पेशंटला आतल्या खोलीत शांत बसवायचं, असं ठरलेलं. पण आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. जीपभर भाऊकी येते, आणि भाऊकी एका खोलीत बसली की विषय कुठेही सुरू झाला तरी शेताच्या बांधावर येतो. कुणी किती कोरला, मोजणी कुणी अडवली. गोळीने उतरलेली नाडी तेवढ्यात पुन्हा वर. भोरने काही दिवस निरखलं आणि पेंटरला बोलावून खोलीत बोर्ड लावला: 'बांधाविषयी बोलू नये.'

पुण्याहून आलेला कंपनीचा इंजिनिअर त्या बोर्डाचा फोटो काढून घेऊन गेला. त्याला वाटलं, काही धार्मिक असावं.

आता अण्णा. जेवण झालं की त्यांच्या छातीत जळजळायचं. ते दोन जीपा घेऊन आले. नाडी नव्वदीच्या पुढे. भोरने गोळी दिली, दोन्ही जीपांना मिसळ खायला हायवेपलीकडे पिटाळलं, पण एक चुलतभाऊ अण्णांजवळ राहिलाच. थोड्या वेळाने भोरने नाडी पाहिली, होती तिथेच. त्याने बोर्डाकडे बोट केलं.

"आमी बांधाचं कुठं बोलतोय?" अण्णा म्हणाले. "इहिरीचं बोलतोय."

भोरने चुलतभावाला दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पेंटरने बोर्डावर 'विहीर, रस्ता व सोसायटीचे इलेक्शन' एवढं वाढवलं. पण त्या दिवशी अण्णा दुपार होईपर्यंत एकटे, उपाशी, गप्प बसून होते. आयुष्यात कुणी त्यांना एवढा वेळ गप्प बसवलं नव्हतं. अखेर त्यांना डुलकी लागली, नाडी उतरली आणि भोरने हलकेच उठवून फोटो घेतला. अण्णा काही म्हणायच्या आत संपलंसुद्धा.

"झालं? एवढ्यासाठी दिवसभर बसवलं व्हय?"

"एवढंच राहावं म्हणून बसवलं. रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, एका जागी किंचित चुना धरलाय. त्याने काही होत नाही. तुमचं दुखणं पित्ताचं. रात्री लवकर जेवा आणि शेवेची भाजी कमी खा."

दोन जीपा घेऊन आलेल्या माणसाला नुसतं पित्त निघणं, यापेक्षा मोठी मानहानी नाही. त्यात आठवड्याभराने पेठच्या हॉटेलात आणखी भर पडली. अण्णांच्याच गावचा, त्यांना निवडणुकीत पाडणारा एक जण आमच्याकडे फोटो काढून आला होता, भोरच्या सुट्टीच्या दिवशी. भोर नसला की विलास यंत्राच्या कंपनीने घालून दिलेल्या जोरावर यंत्र चालवायचा. तसं मीच सांगितलं होतं, रांग लवकर सरते म्हणून. दोघांच्या फिल्मा हॉटेलात उजेडापुढे शेजारी शेजारी धरल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या घोडेगावच्या दवाखान्यात. "डॉक्टर, त्याचा फोटू चकचकीत आन् माझा खसखशीत? विलासला इचारलं मी. तो म्हनतो, भोर डॉक्टर किरणं कमी सोडत्यात. म्हंजे पैसे सारखे आन् माल अर्धा? काटा मारला म्हना की!"

दुधाचं फॅट आणि टोमॅटोचं वजन यांत आयुष्य गेलेल्या मुलखाला हा युक्तिवाद लगेच पटला. कमी किरण म्हणजे कमी माप. सेंटरवर येणारे विचारू लागले, "पूर्ण सोडनार ना? मागं हात आखडता घेतला म्हनं." अण्णांना समजावून सांगणं माझं काम होतं. मी म्हणालो, "अण्णा, रविवारी या. भोर नसतो. तुम्हाला पूर्ण देतो."

रविवारी अण्णा आले. गोळी नाही, बसणं नाही, जीपभर माणसं यंत्राच्या दारापर्यंत, आणि विषय तो निवडणुकीत पाडणारा. विलास म्हणाला, "साहेब, नाडी लई पळतीय."

"चालू दे," मी म्हणालो.

फोटो चकचकीत आला. फक्त उजव्या रक्तवाहिनीवर एका जागी रेघ अरुंद झालेली दिसत होती. हृदयाचे फोटो वाचणं हे माझं शिक्षण नव्हे. पण मी सेक्रेटरी होतो. मी अण्णांना गंभीर चेहऱ्याने ब्लॉक सांगितला. त्यांचा चेहरा उजळला. ब्लॉक निघाल्याचा आनंद झालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळपर्यंत चाकणपासून आळेफाट्यापर्यंत बातमी: भोर डॉक्टरांनी सोडलेला ब्लॉक दुसऱ्या फोटोत सापडला. अण्णा अँजिओग्राफीसाठी पुण्याला रवाना झाले.

सोमवारी भोरने दोन्ही फोटो शेजारी लावले. फार वेळ लागला नाही त्याला.

"हा ब्लॉक नाही, सेक्रेटरी. हा अण्णांचा संताप आहे. नाडी पळत होती, हृदय हललं, रेघ फरफटली. माझ्या फोटोत ती जागा बघ, दाण्यादाण्यातून स्वच्छ दिसते." मग त्याने माझ्यापुढे फोन सरकवला. "पुण्याला सांग. अँजिओग्राफीची तार अंगात घालायच्या आधी सांग. दोनदा किरण खाल्लेत त्यांनी, आता तिसऱ्यांदा खातील, तेही काही नसताना."

"सांगतो," मी म्हणालो.

तो बाहेर गेला. जाताना खोलीतला दिवा बंद केला. मी अंधारात फोनकडे बघत बसलो. पुण्याच्या डॉक्टरांना काय सांगायचं? की आमच्या सेंटरला ब्लॉक आणि संताप यांतला फरक कळत नाही? मी फोन केला नाही. भोर संध्याकाळी भेटला तेव्हा "केलास?" म्हणाला, आणि मी मान हलवली.

पुण्याला अर्थातच काही निघालं नाही. अण्णांचा मला फोन आला. "डॉक्टर, रक्तवाहिन्या साफ हाईत म्हनत्यात! ब्लॉक गेला कुठं?"

इथे मला दुसरी संधी होती. मी म्हणालो, "आपण लगेच गोळ्या सुरू केल्या ना, त्यांनी विरघळला. वेळेवर सापडला म्हणून."

चार दिवसांच्या गोळ्यांनी ब्लॉक विरघळत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. पण अण्णा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नव्हते. त्यांनी गावात मांडव घालून माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. भोरही आला होता. तो सत्काराला नव्हे, जेवणाला आला होता, असं त्याने स्वतःच सांगितलं. मासवडी दोनदा मागून घेतली. माझ्या भाषणात मी 'आमचे सहकारी' असा त्याचा मोघम उल्लेख केला, तेव्हा तो रस्सा ओरपत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काही बोलेल. तो वाढप्याला म्हणाला, "रस्सा आण जरा." फोन झाला नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलेलं होतं. आम्ही एका वसतिगृहात राहिलेलो. त्याची नजर मला कळायची.

नंतर पेशंट कुरकुरू लागले, भागीदार कुरकुरू लागले. भोरला कसं सांगायचं यासाठी मीटिंग ठरली. मीटिंगच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला. "मला काढायला मीटिंग घेऊ नका. चहा-बिस्किटांचा खर्च होईल. मी चाललो. आवाज आणि बोर्ड तेवढा राहू द्या."

दोन्ही राहिले. बोर्ड काढायला कुणाला सवड नव्हती म्हणून, आणि आवाज दुसऱ्या कुणाचा लोक ऐकेनात म्हणून. बाकी सगळं बदललं. सगळ्यांना पूर्ण जोर, गळ्यापासून पोटापर्यंत, सगळा वेळ चालू. फिल्मा आरशासारख्या. सेंटर जोरात चाललं. त्या जास्तीच्या किरणांनी अमक्याला अमुक झालं, असं मी सांगू शकत नाही. तसं कुणालाच सांगता येत नाही, आणि हीच आमच्यासारख्यांची सोय आहे. पुढे परिषदांतून मोठमोठे लोक भाषणं देऊ लागले, की हृदयाच्या सीटीत नाडी मंद करा, जोर अंगलटीप्रमाणे ठेवा, चौकट लहान घ्या, दाणे दिसले तरी उत्तर दिसतंय ना ते बघा. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

हे लिहून झालं की मी आधी अण्णांकडे नेऊन वाचून दाखवणार आहे. त्यांची नाडी वाढेल. वाढू दे, फोटो काढायचा नाही. मग वहिनींकडे जाईन. अण्णांकडे जाणं त्या मानाने सोपं आहे.

भोरला मी शेवटचं पाहिलं ते त्याच सेंटरमध्ये. त्याने सेंटर सोडून तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली असतील. घोडेगावच्या दवाखान्याचा जिना चढताना माझ्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी ठीक होता, पण बायकोने धोशा लावला. सेंटरवर गेलो. विलासने टेबल तयार केलं. "झोपा साहेब, पूर्ण सोडतो."

मी शर्ट काढता काढता थांबलो. "विलास, जीप जुन्नरला पाठव. भोरला आण."

विलास माझ्याकडे बघत राहिला. मग जीपच्या ड्रायव्हरला हाक मारायला गेला.

भोर आला. फुकटची जीप मिळाली म्हणून वाटेत बाजार करून आला होता. हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. "काय सेक्रेटरी? रविवार नाही आज," एवढंच म्हणाला. गोळी दिली आणि मला त्या आतल्या खोलीत, त्या बोर्डाखाली बसवलं. स्वतः समोर स्टुलावर बसला. बराच वेळ गेला. नाडी उतरेना.

"कसला विचार चाललाय?"

"भोर, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"विषय कुठला?"

"अण्णांचा. त्या सोमवारी मी पुण्याला..."

त्याचं बोट माझ्या मनगटावर होतं. "चढली," तो म्हणाला. मग त्याच बोटाने त्याने वरचा बोर्ड दाखवला. "बांध, विहीर, रस्ता, इलेक्शन. अण्णा म्हणजे सगळंच आलं त्यात. झाल्यावर बोल."

मी गप्प बसलो. तोही. खिडकीतून हायवेवरचे टोमॅटोचे ट्रक ऐकू येत होते. कधीतरी नाडी उतरली. टेबलावर झोपलो, रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून देतात तो गरम रंग शिरेतून चढला आणि यंत्रातून भोर म्हणाला, "दम घ्या. धरा. बोलायचं नाही. सोडा." काचेमागे खरा भोर उभा होता, तोंड मिटून. दोघांपैकी कुणाकडे बघावं ते मला कळेना.

"मोकळ्या आहेत," तो आत येऊन म्हणाला. "दाणे आहेत थोडे, पण मला दिसतं. जिना सावकाश चढ." मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसला. "हं. आता बोल."

खोलीत आम्ही दोघंच होतो. नाडी मंद, काम झालेलं, आणि समोर ऐकायला बसलेला माणूस. यापेक्षा चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नाही.

"चहा घेणार?" मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. नाडी बघतानाही तो असाच पाहायचा. मग म्हणाला, "अर्धा."

अर्धा कप पिऊन त्याने मेथीची पिशवी उचलली. मी शर्टाची बटणं लावत होतो. दाराशी पोचल्यावर त्याचा हात न बघता बटणावर गेला, आणि मी अंधारात.

"अरे, मी आहे इथे!"

"बाहेर उजेड आहे की. ये बाहेर," तो म्हणाला, आणि लांबलचक व्हरांड्यातले दिवे एकेक करून बंद करत, पिशवी हलवत, उघड्या दाराकडे चालू लागला.